एक्स्पोज्ड म्हणजे काय

ताराबाईंनी अहवाल बंकटच्या हातात दिला. "तुमीच वाचा, बंकटराव. आमाला इंग्रजी येत न्हाई."

ग्रामसभा अंगणवाडीच्या आवारात भरली होती. मागे नवी भिंत उभी होती. बंकटचा तो पहिलाच ठेका. बोटानं खरवडलं तरी विटांमधून वाळू गळायची, आणि आत रोज बावीस पोरं बसायची. सरपंच झाल्यापासून ताराबाईंनी तीन तक्रारी केल्या, तेव्हा कुठे बीडहून इंजिनिअर आला. त्याचा अहवाल काल टपालानं पोचला होता. भिंत पाडायची की ठेवायची, ते आता त्या कागदावर होतं.

आपल्याला कशाची भीती, असं म्हणत बंकट हसला आणि अडखळत वाचू लागला. गावाचं नाव झालं, तारीख झाली, भिंतीची लांबी झाली. पुढच्या ओळीवर तो थांबला.

"मोठ्यानं," ताराबाई म्हणाल्या.

"ब्रिकवर्क... एक्स्पोज्ड."

"मंजे?"

उत्तर गॅरेजवाल्या वाहेदनं दिलं. मोबाईलवर रोज बघता की, अमक्याला एक्स्पोज केलं, तमक्याला एक्स्पोज केलं. "मंजे पोल खुलली, चाची. उघडं पडलं समदं."

कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, आता गुन्हाच दाखल होणार. बंकटनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. पुढं वाचायचं त्याला सुचलं नाही.

"सिमेट लई कमी टाकलं व्हतं," शेवटी तो म्हणाला. "पण केस नका करू. भिंत मी पाडतो. माज्या खर्चानं नवी बांधतो."

"लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. सही केली, आणि कुणी मागितला नसताना खाली अंगठाही उठवला. ग्रामसेवक आदिनाथनं ठराव नोंदवला तेव्हा बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या आवारानं.

माणसं पांगल्यावर आदिनाथ अहवाल ठरावाला जोडायला बसला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. ताराबाई भिंतीलगतच्या सतरंज्या लांब ओढत होत्या. त्यांच्याजवळ जाऊन त्यानं हळूच सांगितलं, की एक्स्पोज्ड ब्रिकवर्क म्हणजे नुसत्या प्लास्टर न केलेल्या विटा. खाली तर स्पष्ट लिहिलंय, भिंत मजबूत आहे, तक्रारीत तथ्य नाही.

"ठाऊक हाय, भाऊसाहेब," ताराबाई म्हणाल्या. "सूनबाईनं कालच समदा वाचून दाखवला."