पंचनाम्यातला वारा

“खा, खा. माझं सोयाबीन खाऊन झालं, आता मालकाचा ओटा तेवढा ऱ्हायलाय,” कोंडाबाई तळ्याला म्हणाली. हळूच, पण मागं दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या धुरपदाबाईला ऐकू जाईल इतपत.

धुरपदाबाईनं पदर तोंडावर ओढला. वारं होतंच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

पश्चिमेचा वारा तळ्यावरून सरळ येत होता. लाट काठाच्या पायथ्याला धडकायची, आत शिरायची आणि माती घेऊन मागं जायची. वरचं वावर थोडा वेळ अधांतरी उभं राहायचं. मग धप्पकन आवाज, आणि सोयाबीनची आणखी एक ओळ पाण्यात. मागच्या ओळीच्या मुळ्या गाठींसकट उघड्यावर लोंबत होत्या. दोन पावसाळ्यांत अर्धा एकर गेलं होतं. काठापासून सात पावलांवर गोरोबाचा ओटा होता. गोरोबा म्हणजे कोंडाबाईचा नवरा. जन्मभर मेंढरं राखली आणि गेल्या दिवाळीत गेला. दहनाची ती जागा तरी वाचावी, एवढंच तिचं मागणं होतं.

आज पंचनामा होता. तलाठी मॅडम हर्षाली येरमाळ्याहून स्कूटीवर आली होती. पंच म्हणून शेजारचा बलभीम, धुरपदाबाईचा नवरा.

“नुकसानीचं कारण?” हर्षालीनं विचारलं.

“वारं, मॅडम,” बलभीम म्हणाला. “औंदा वारंच लई हाय.”

धुरपदाबाईनं मान फिरवली. पलीकडं तिचं स्वतःचं सोयाबीन कमरेला लागत होतं. काळंभोर रान. गेल्या साली उन्हाळ्यात तळं आटलं, तेव्हा गावानं गाळ काढला. काठापासून लांब खणायचं असं चावडीत ठरलं होतं. बलभीमनं मात्र जेसीबी थेट कोंडाबाईच्या काठाला लावला. भाकरी घेऊन गेलेल्या धुरपदाबाईनं ते डोळ्यांनी बघितलं. “आवो, हितं कशाला?” असं तिनं विचारलंही. तो “गप ऱ्हा” म्हणाला, आणि ती दीड वर्ष गप राहिली. कोंडाबाईकडं पाटवडी दिली, कडधान्य दिलं, गोरोबाच्या दहाव्याला तिच्या चुलीपुढं बसली. बोलली तेवढं नाही.

हर्षालीनं बलभीमची काठी मागून घेतली आणि काठाशी पाण्यात सोडली. काठी मुठीपर्यंत आत गेली.

“कमाल आहे. काठाला तळं उथळ असतं ना?”

तिनं ओली काठी वर ओढून बलभीमच्या हातात दिली.

“मी भूगोल शिकलेय,” ती म्हणाली. “समुद्राचे कडे असेच तयार होतात. लाट पायथा खाते, मग डोकं आपोआप पडतं. पण काठ उथळ असला की लाट येता येताच दमते. इथं तिला दमायला जागाच ठेवलेली नाही.” तिनं बलभीमकडं पाहिलं. “कुणी खणलं असेल तर त्याच्याकडून दगडाचा भराव घालून घेता येईल. ओटा वाचेल. वारा असेल, तर वाऱ्याकडून काय घालून घेणार, दादा?”

“वारंच हाय,” बलभीम पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला.

“खणलंय, मॅडम.” धुरपदाबाईला आपलाच आवाज परका वाटला. “आमच्या ह्यांनीच. हितला गाळ आमच्या वावरात हाय. अक्का, म्या तवाच सांगायला पायजे हुतं. माझं चुकलं.”

बलभीम भडकेल असं तिला वाटलं होतं. तो भडकला नाही. त्यानं कोंडाबाईकडं बघितलं, शपथेतून सोडवा म्हणावं तसं.

“वैनी...” तो म्हणाला.

कोंडाबाई बलभीमच्या पुढं येऊन उभी राहिली.

“त्याला नका धरू, मॅडम. तितंच खण म्हणून त्याला म्या सांगितलं हुतं. कुणाला बोलायचं न्हाय म्हणून शपथ बी घातली. लिव्हायचं तर माझं नाव लिव्हा.”

“अक्का, आन् ते कशापायी?” धुरपदाबाईनं विचारलं.

“मेंढरं तितनंच पाण्यावर उतरायची. मालकाचं गुडघं गेलं हुतं, तरी मेंढरं सोडीनात. पोरानं सांगून झालं, डॉक्टरनं सांगून झालं. म्हनलं, उतारच मोडला की इकतील, घरात बसतील जरा. दोन घास सुखानं खातील.”

हर्षालीचं पेन कागदावरच थांबलं.

“इकली,” कोंडाबाई म्हणाली. “मंग रोज हितं यायचे आन् नुसतं पाण्याकडं बघत बसायचे. चार म्हैन्यांत गेले. समदी म्हणत्यात, दुखण्यानं गेले. दुखण्यानं न्हाय गेले, मॅडम.”