चव्वेचाळीस दिवसांची रजा

"काकू, बोर्ड जरा वर. मॅडमच्या गळ्यावर सावली येतेय," कॅमेरामन म्हणाला.

राजश्रीने थर्माकोलचा पांढरा बोर्ड वीतभर वर उचलला. उन्हाचा पट्टा सरकला आणि गीतांजलीचं तोंड उजळलं. करावे गावामागच्या खाडीच्या बांधावर, तिवरांकडे पाठ करून गीतांजली उभी होती. चॅनलची श्रुती तिच्यासमोर माइक धरून होती. बोर्ड धरणारा माणूस आज आला नव्हता. मैत्रीण सोबत आलीच आहे म्हटल्यावर श्रुतीने तो तिच्या हातात दिला होता. त्याला पंचवीस मिनिटं झाली.

"रेवस ते रेडी, चव्वेचाळीस दिवस, सगळा किनारा पायी. आणि एकटीनं," श्रुती म्हणाली. "पंचावन्नाव्या वर्षी. भीती नाही वाटली?"

महिनाभरातला हा चौथा चॅनल. त्याआधी दोन वर्तमानपत्रं, खारघरच्या कॉलेजात भाषण, पुस्तकाची दुसरी आवृत्ती. राजश्रीला मोजायची सवय होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं त्यातच गेली होती. आज 'एकटी' हा शब्द नऊ वेळा आला होता.

गीतांजली चिखलाचा किस्सा सांगू लागली. "ओहोटीची वेळ चुकली. अर्धी खाडी ओलांडली आणि मांडीपर्यंत रुतले. मग सरळ आडवी झाले, कोपरांवर सरपटत बाहेर आले."

श्रुतीच्या अंगावर काटा आला. कोपरांवर कोणी सरपटलं नव्हतं. राजश्रीच चिखलात पोटावर आडवी पडली होती आणि गीतांजलीच्या सॅकचा पट्टा धरून चाळीस मिनिटं तिला ओढत होती. ओहोटीची वेळ चुकली तीही गीतांजलीची, राजश्रीचं न ऐकल्यामुळे.

त्या चव्वेचाळीस दिवसांत राजश्री तिच्याबरोबर पावलापावलाला होती. फक्त ऑफिसच्या कागदांवर ती सानपाड्याच्या घरात अंथरुणाला खिळलेली होती. एवढी मोठी रजा कोणी देणार नव्हतं. मग तिने ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला जोडला: मणक्याची चकती सरकली, सक्तीची विश्रांती. जन्मात एकच खोटा कागद दिला, आणि त्याच्या धाकाने ती एकाही फोटोत आली नाही. पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात पानोपानी राजश्री होती. तो खर्डा मागून घेऊन तिने तांबड्या पेनाने स्वतःला खोडलं. एकशे छत्तीस ठिकाणी. गीतांजली रडकुंडीला आली, तर तिलाच दटावलं. "पेन्शनला तीन वर्षं राहिलीत, गीता. चौकशी लागली तर सगळं जाईल."

खोडताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तिथे गीतांजली सरकून बसत गेली, होती त्यापेक्षा थोडी धीट, थोडी हुशार.

कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला सगळे थांबले. गीतांजली जवळ आली. "राजू, सांगू का हिला खरं? तुझं असं पडलेलं तोंड बघवत नाही मला."

"काही गरज नाही. छान बोलतेस तू. चिखलाचं तर फारच छान."

"कोपरांचं तूच घालायला लावलंस."

"हो. तू ते इतकं मनापासून सांगशील, हे कुठे माहीत होतं?"

"काकू, तुम्ही पण चालता का मॅडमबरोबर?" श्रुतीने लांबून विचारलं.

"छे. माझी कंबर धरते."

तेवढ्यात बांधावरून सायकल ढकलत कोणी तरी आलं. राजश्रीने पाहिलं आणि बोर्ड तोंडासमोर धरला. भगवान होता, तिच्याच लॅबमधला शिपाई. तो याच गावचा, हे ती साफ विसरली होती.

"मॅडम, मीच हाय," बोर्डापलीकडून आवाज आला.

तिने बोर्ड खाली घेतला. "मैत्रीण आहे माझी. मी आपली सहज आले."

भगवानने कॅमेऱ्याकडे पाहिलं, गीतांजलीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "ह्यो तुमच्याकडं कशाला दिला? तुमाला तिकडं नको का उभं करायला?"

"मला? मला कशाला?"

त्याने सायकल स्टँडला लावली आणि आवाज उतरवला. "सहा महिने रोज सकाळी तुमी दोघी पाठीवर वजन घेऊन ह्याच बांधावरनं चालायच्या. मी होडीतनं बघायचो. मग तुमी रजेवरनं आल्या त्या तोंड करपून, पायाची दोन नखं काळी. अंथरुनावर पडलेला मानूस असा येतो काय? अख्ख्या लॅबला म्हायती हाय. साहेबच बोलले, बाईंना कोनी काय विचारायचं नाय, मोठं काम करून आल्यात."

बोर्ड कलला आणि त्यावरचं ऊन खाली चिखलावर जाऊन पडलं.

"पुस्तक आलं तसं सगळ्यांनी मिळून घेतलं," भगवान म्हणाला. "आळीपाळीनं घरी नेलं. माझ्या नातीनं मला दोनदा वाचून दाखवलं." तो जरा ओशाळला. "तुमचं नाव काय गावलं नाय. कुठल्या पानावर हाय, मॅडम?"