दोनातलं एक

रविवारी दुपारी पूर्णिमानं हातात पळी धरून सासऱ्यांना विचारलं, "आबा, तांबडा घेताय का पांढरा?"

गणपतरावांचा भाकरीचा घास हातातच राहिला. सम्राटनं बायकोकडं पाहिलं. बापानं पाहिलं म्हणून सहा वर्षांच्या तेजस्वीनंही पाहिलं.

"अगं, काय इचारतीस?" सम्राट म्हणाला. "कोल्हापुरात हाईस का पुण्यात? दोन्ही वाढ की."

घरात मटण असलं की तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही रश्श्यांच्या वाट्या ताटात येतात, आणि रिकाम्या होतील तशा भरल्या जातात. त्यातलं एक निवडा, असं मंगळवार पेठेत कुणी शत्रूलाही म्हणत नाही. पूर्णिमाला स्वतःचंच हसू आलं. "जिभेला वळणच पडलंय," ती म्हणाली आणि दुसरी वाटी भरली.

वळण पडलं होतं खरं. शाळेच्या पालकसभेत एका समुपदेशक बाईंनी नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी सूचनांचा एक कागद वाटला होता. तो फ्रीजवर चिकटवलेला होता. त्यातली पहिलीच सूचना पूर्णिमानं लाल पेनानं चौकटीत घेतली होती: मुलांना 'करणार का?' असं विचारू नका. दोन पर्याय द्या. दोन्ही तुम्हाला चालतील असे द्या.

सूचना लागू पडली. "अंघोळ करतेस का?" म्हटलं की अर्धा तास भोकाड पसरणारी तेजस्वी "आधी दात का आधी अंघोळ?" म्हटल्यावर विचार करून उत्तर द्यायला लागली. निळा डबा का गुलाबी. पोळी गुंडाळून का तुकडे करून. त्यातही ती अडली तर पूर्णिमा दोन बोटं वर करून म्हणायची, "दोनातलं एक सांग. पटकन." पेठ वडगावच्या बँकेत वेळेत पोचायला तिला सव्वाआठला घर सोडावं लागे, आणि आता ते सुटत होतं. सम्राटलाही "दळण आणताय का भाजी?" असंच विचारलं जायचं. तो बापडा दळण आणायचा आणि भाजीतून सुटलो म्हणून खूश असायचा.

गणपतराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राधानगरीकडून आले, त्याला अडीच महिने झाले होते. पूर्णिमानं मोबाइलला गजर लावून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यात औषध घातलं, एकदाही चुकवलं नाही. आता औषध बंद झालं होतं. आबा मात्र अजून हॉलमधल्या दिवाणावर होते, आणि सकाळी साडेसहाला, नेमके घाईच्या वेळी, घरातल्या एकुलत्या एक बाथरूममध्ये. गावी त्यांच्या घराला कुलूप होतं. तेजस्वीची आजी गेल्यापासून तिथं त्यांना भाकरी करून घालणारं कुणी नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यावर कुणी बोलत नव्हतं.

"आबा," आणखी एक भाकरी वाढत पूर्णिमा म्हणाली, "हॉलमध्ये तुमची झोपमोड होते. पहाटेपासून आमची ये-जा. मी काय म्हणते, गावाला गुरुवारी जाताय का शनिवारी?"

आवाज तोच होता, निळा डबा का गुलाबी विचारतानाचा. सम्राट मान खाली घालून नळी चोखण्यात गुंतला.

गणपतरावांनी पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि विचार केला. खरोखरच केला. कुणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यावं, असं मानणारा माणूस.

"गुरवारच बरा," ते म्हणाले. "यष्टीत बसवून दे रं सम्राट. शनवारची सुट्टी तुमची कशाला मोडायची? आन् म्हस बी पिराजीच्या दावणीला हाय. लोकाच्या दारात किती दिस ठेवायची?"

"बघा, तुम्हीच ठरवलंत," पूर्णिमा म्हणाली. तिला हलकं वाटलं. हलकं वाटल्याची लाजही वाटली, म्हणून तिनं त्यांच्या ताटात मटणाचे दोन चांगले तुकडे जास्त वाढले.

तेजस्वी जेवायची थांबली होती. तिनं आबांकडं पाहिलं, दिवाणावर घडी करून ठेवलेल्या त्यांच्या वाकळेकडं पाहिलं, आणि मग आईकडं वळली.

"मम्मी."

"जेव आधी."

"मम्मी, गुरुवारपास्नं आबा माझ्या खोलीत झोपणार का तुमच्या?"

सम्राटनं नळी ताटात ठेवली. पूर्णिमा पळी धरून उभी होती. पळीतून रस्सा फरशीवर ठिबकत होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

तेजस्वीनं थोडा वेळ वाट पाहिली.

"माझ्या खोलीत असतील तर मी भिंतीकडं सरकतो," ती म्हणाली. मग तिनं दोन बोटं वर केली. "दोनातलं एक सांग, मम्मी. पटकन."