फिरवलेला पट

घोडा अडीच घरं टाकला की मात होती. गौराबाईला ते लख्ख दिसत होतं. पटापलीकडं तिचे सासरे बंडप्पा बसले होते आणि त्यांना ते अजून दिसलेलं नव्हतं.

महादेवाच्या देवळात अख्खं जळकोट लोटलं होतं. जो जिंकेल तो हैदराबादच्या सामन्यांना जाणार होता. तिकडून आलेलं उर्दूतलं बोलावणं उत्तरेश्वर मास्तरांनी सकाळीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. गौराबाईनं एकेक गडी गारद केला. नळदुर्गचे वकील तासाभरात उठले. अणदूरचे पाटील हरल्यावर म्हणाले, "बाईमाणूस म्हणून सोडलं," तेव्हा सगळं देऊळ हसलं. आता उरले होते फक्त बंडप्पा. अठरा वर्षांत त्यांना या भागात कुणी हरवलं नव्हतं. सुनेचं नाव दिलं होतं तेही त्यांनीच. "घरात भिंतीसंगं खेळून काय उपेग? चारचौघांत खेळ," असं म्हणाले होते.

पण देवळाकडं निघताना सासूबाईंनी, शिवम्मांनी, तिला चुलीपाशी थांबवलं होतं.

"गौरा, ह्या वयात तुझ्या मामंजींची मान खाली घालू नगंस. हरणं लई सोपं असतंय. चाल दिसली तरी दिसली न्हाय असं करायचं."

गौराबाईचा हात घोड्याकडं निघाला आणि मधेच थबकला. खांबाआड बायका बसल्या होत्या. त्यांच्यात शिवम्माही होत्या. तिकडं बघायचं तिनं टाळलं. हैदराबाद डोळ्यांपुढून गेलं. मग तिनं राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

बंडप्पांचा चेहरा उजळला. राजा उघडा पडला होता! त्यांनी हत्तीकडं हात नेला. पण हात हवेतच राहिला. त्यांनी पट न्याहाळला, सुनेकडं बघितलं, पुन्हा पट न्याहाळला.

"घोडा दिसला न्हाय व्हय तुला?"

"न्हाय, मामंजी."

"त्या वकिलाला हसत हसत मात दिलीस, आन् एवढा ढळढळीत घोडा दिसला न्हाय?"

गौराबाई कानापर्यंत लाल झाली.

बंडप्पांनी सागवानी पटाच्या दोन्ही कडा धरल्या. एकही मोहरं हलू न देता त्यांनी तो सावकाश फिरवला. त्यांची काळी मोहरी तिच्या पुढ्यात आली, तिची लाल मोहरी त्यांच्या.

"घे. आता माझ्या बाजूनं तू खेळ. चाल तुझी."

उत्तरेश्वर मास्तर ताडकन उठले. "आप्पा, हे नियमात बसत न्हाय!"

"मास्तर, जाणूनबुजून हरणं तरी कुठल्या नियमात बसतंय? आधी तिनं नियम मोडला. म्या नुसता सरळ केला."

मास्तर काहीतरी बोलणार होते, पण लोकांनीच त्यांना ओढून खाली बसवलं.

गौराबाईनं डोळे पुसले. समोर बघितलं. बंडप्पा मांडी ठोकून, मिशीवर हात फिरवत, अगदी ईर्ष्येनं बसले होते. तिला हसू फुटलं. आता चाल दिसली न्हाय म्हणायची सोय नव्हती.

तिनं हत्ती सारला. "शह."

बंडप्पांनी राजा एक घर बाजूला घेतला. दुसरं घरच नव्हतं.

तिनं उंट तिरका आणला. या वेळी हात मधे कुठंच थांबला नाही.

"शह. आन् मात."

देवळात एकच गलका उडाला. कुणी घंटा वाजवली, कुणी गुलाल आणायला पळालं. बंडप्पा पटाकडं बघून खो खो हसत सुटले.

"मास्तर, लिवा हिचं नाव कागदावर! सून हैदराबादला चालली म्हणावं. ह्या बंडप्पाला फसवून हरायला निघाली व्हती! आजवर एकाची हिंमत झाली न्हाय मला अशी फसवायची!"

तेवढ्यात खांबाआडून शिवम्मा उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट करत, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या नवऱ्याला म्हणाल्या,

"लगीन झालं त्या साली म्या बी तुमच्याम्होरं अशीच हरले व्हते. तवा न्हाय फिरवलात पट!"