साखर नसलेलं घर

"आ कर," दातांची डॉक्टरीण म्हणाली. बेरेताने ओठ आणखी घट्ट मिटले.

"उघड गं," तेआरिन आजी म्हणाली. "खात नाही ती तुला. बोटीवर भरपूर जेवून आलेली दिसते."

सभेच्या मोठ्या छपराखाली बसलेल्या बायका हसल्या. चार वर्षांच्या बेरेताचा गाल सुजून लाल झाला होता, अंग तापलं होतं. आजीने नाक धरलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. डॉक्टरीण आत बघत राहिली.

"साखर देता हिला?"

"साखर?" आजी ताठ झाली. "चार महिने झाले, मालाची बोट आली नाही बेटावर. कुणाकडे साखर असेल तर मला दाखव, मीच मागून घेते. माझ्या घरात साखर नाही, आणि असती तरी दिली नसती. सात वाढवलीत मी. सातही जणं दातांनी नारळ सोलतात."

तेवढ्यात बेरेताने आजीच्या पिशवीत हात घालून चोखायची गुलाबी बाटली काढली, तोंडाला लावली आणि मांडीवर आडवी झाली. डॉक्टरणीने ती हळूच सोडवून घेतली. एक थेंब जिभेवर ठेवला.

"हे काय आहे?"

"माडीची काकवी, पाण्यात कालवलेली. आमचा म्हातारा दिवसातून दोनदा माडावर चढतो, गाणं म्हणत माडी काढतो, मी आटवते. झाडाचं आहे ते, दुकानातलं नाही."

"झोपताना देता?"

"मग केव्हा देऊ? त्याशिवाय डोळा लागत नाही तिचा."

"बाटली तोंडातच राहते?"

"सकाळपर्यंत. गावात एवढं शहाण्यासारखं झोपणारं दुसरं पोर नाही."

"आजी, हीच साखर," डॉक्टरीण म्हणाली. "रात्रभर दातांवर बसून राहते ही."

बायकांचे चटई विणणारे हात थांबले. आजीच्या कानशिलाची शीर उडाली.

"माझ्या थोरल्याच्या वेळी तुझ्यासारखीच एक पांढऱ्या कपड्यांतली आली होती. पोराला ताजी, न आंबलेली माडी पाजा म्हणाली, अंगाला लागते. आज तू म्हणतेस पाजू नका. तुम्ही आधी आपसात भांडून घ्या, मग या आमच्याकडे."

"तिने करवंटीतून पाजायला सांगितलं असेल ना?"

आजीने तिच्या हातातून बाटली परत घेतली. सातही जणं करवंटीतूनच प्यायची. बसून प्यायची, तोंड पुसायची आणि पळायची. ही बाटली सुनेने आणली होती. बेरेता वर्षाची असताना सुनेने बाटली तिच्या तोंडात दिली, तिला निजवलं आणि बोटीत जाऊन बसली. ऑस्ट्रेलियात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. पोर उठली तेव्हा आई नव्हती, बाटली होती.

"वरचे सहा काढावे लागतील," डॉक्टरीण म्हणाली. "दाढांना कीड आत्ता कुठे लागलीय. त्या वाचतील. पण बाटली आजपासून बंद, आजी. मी पुन्हा कधी येईन ते माझ्या हातात नाही."

पोरीचं डोकं आजीने स्वतः धरलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पत्र्याच्या वाटीत सहा वेळा आवाज झाला. आजीने वाकून पाहिलं. दात कुठले, जळक्या काड्यांची टोकं होती ती.

दुपारी घरी बेरेताने बाटली मागितली. आजीने तिला बसवलं आणि करवंटीत पाणी दिलं. पोरीने करवंटी उडवली. पुन्हा भरून दिली, पुन्हा उडवली. आजीने थोपटलं, पाठीवर घेतलं, समुद्र दाखवला, ओरडून पाहिलं. पोर रडत राहिली. लाळेबरोबर रक्त चटईवर पडत होतं. मग ती "आई" म्हणून हाका मारायला लागली. आवाज बसला तरी ओठ तेच म्हणत होते.

शेजारची तोका वाटेवरून जाता जाता थबकली. "काय गं तेआरिन, साखर संपली वाटतं घरातली?"

एरवी आजीने तिला तिच्या आजोबांपासून सुनावलं असतं. आज तिने नुसता दाराचा झावळ्यांचा पडदा खाली ओढला.

भरतीला डॉक्टरांच्या बोटीने भोंगा दिला. बेरेता रडायची थांबली. तिने आजीकडे पाहिलं आणि दोन्ही मुठींत आजीचं झंपर गच्च धरलं.

"मी नाही जात कुठे," आजी म्हणाली. "मी आहे ना. इथेच आहे."

पोरीने मुठी सोडल्या नाहीत. डोळे मिटत होते आणि मिटले की दचकून पुन्हा उघडत होते. किती तरी वेळ असंच चाललं.

शेवटी तिला कडेवर घेऊन आजी उठली. फळीवरची काकवीची बरणी काढली. बाटलीत पाणी भरलं, काकवीत बुडवलेलं एक बोट त्यात घोळवलं. पोरीने एक घोट घेतला आणि बाटली बाजूला केली. आजीने काकवीचं आणखी एक बोट घोळवलं. मग बरणीच तिरकी केली.

बेरेता झोपली. बाहेर म्हातारा संध्याकाळची माडी काढायला चढला होता, वरून त्याचं गाणं ऐकू येऊ लागलं. आजीने हलक्या हाताने बाटली ओढली. ती निघेना. पुन्हा ओढली. दात नसलेल्या हिरडीनेच पोरीने ती घट्ट धरून ठेवली होती.