तयार शब्द नकोत

फोन-कॉम्प्युटरवर चिनी कीबोर्ड बसवून रेवतीचा हात इतका बसला होता, की आता माणसाच्या डोक्यात बसवतानाही तो चुकत नसे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या चेनआजींच्या कानामागे तिने चिप लावली, कंपनीने भरलेले तयार शब्द पुसले आणि आजींच्या जुन्या फोनमधल्या वीस वर्षांच्या टायपिंगच्या सवयी तिथे उतरवल्या.

“बोलेल ती आईच ना?” आजींच्या मुलीने, लिनने विचारलं.

“म्हणून तर तयार शब्द पुसले. आईंना सांगा, नुसतं पहिलं अक्षर मनात आणा, पुढचे शब्द त्यांच्याच सवयीने जुळतील.”

लिनने सांगितलं. क्षणभराने चिपमधून खणखणीत चिनी वाक्य आलं, आणि लिन हसता हसता रडू लागली.

“काय म्हणाल्या?”

“बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणतंय, आणि ही नेहमीसारखंच विचारतेय, स्वेटर घातलास का!”