काठीची घंटी

सासऱ्यांच्या काठीला गाईची घंटी बांधलेली होती. बकाराम दिवसभर घरात येरझारा घालायचे आणि त्या आवाजाने नव्या सुनेचं, हर्षाचं, डोकं उठायचं. "त्याईची आवड आहे," एवढंच सासू गीताबाई सांगायची. आज सासू धानाच्या रोवणीला शेतावर गेल्यावर हर्षाने घंटी सोडून खिडकीत ठेवून दिली. घर कसं निवांत झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दुपारी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं, पुढे नागझिऱ्याचं जंगल, आणि ती घंटी हातात घेऊन गीताबाई उंबऱ्यावर मटकन बसलेली.



"त्याईले घरचा रस्ता आठवत नाही वं, तुले सांगाची लाज वाटली मले. रानात चुकलेली गाय घंटीवरून तरी सापडते. आता त्याईले कसं धुंडू?"